लाभ

डॉक्टरांनी प्लास्टिकच्या कवटीवर पेन टेकवून दाखवलं:
इथं होती गाठ, लिंबाएवढी.
अण्णांनी विचारलं, वजन किती?
आडतीवर पस्तीस वर्षं मापाडी असलेला माणूस
दुसरं काय विचारणार.

लातूरच्या त्या दवाखान्यात
आम्ही जिन्याजवळच्या बाकावर राहायला गेलो.
राहायलाच म्हणायचं:
मन्मथचा चार्जर भिंतीला, माझी चादर खुर्चीला,
अण्णांची टोपी खिडकीच्या गजाला.
रोज संध्याकाळी उदगीरहून फोन, आज काय?
आज नळी काढली.
आज डोळा उघडला. एकच.
आज ताप.
आज काही नाही.
काही नाही म्हटलं की पलीकडं सगळे गप्प,
मग कुणीतरी विचारायचं, जेवलात का.

नवव्या दिवशी ती बोलली.
नर्स वाकून विचारत होती, मावशी, नाव काय तुमचं?
फाईलवर होतं सुलोचना.
ती म्हणाली, नीलव्वा.
नर्सनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं,
जणू तिला ऐकूच येत नव्हतं.
नीलव्वा.
नर्सनं कागदावर फुली मारली.

मन्मथ भिंतीकडं तोंड करून उभा.
मी म्हणत होते, उद्या विचारा, उद्या सांगेल नीट,
तेवढ्यात अण्णा पुढं झाले.
"बरोबर हाय ते. फुली खोडा.
भालकीहून आणली तवा हेच नाव होतं.
मीच बदललं,
परातीत तांदूळ पसरून, अंगठीनं लिहून."
सांगताना तिच्याकडं पाहिलं नाही त्यांनी.
तळहातानं पलंगाची चादर सारखी करत राहिले,
लिहिलेलं पुसायचं असावं तशी.

मग आठवडाभर नुसती कानडी.
नीरु. साकु. ब्याडा.
आम्हा लेकरांना ही भाषा तिनं दिलीच नव्हती,
ती बोलायची फक्त मामाच्या फोनवर, दार लोटून.
माझ्याच आईचं म्हणणं कळावं म्हणून
मी कँटीनमधल्या औरादच्या पोराला वर बोलवायची.
तो चहाचा ट्रे घेऊन दारातूनच सांगायचा:
खिडकी लावा म्हनालेत.
पाय दुखालाय.
एकदा खाली बघत म्हणाला,
म्हातारं कशाला रडालंय, इचारालेत.

आता घरी. टाके निघाले.
डोक्यावर मूठभर पांढरी लव, तिच्यातून नालासारखा व्रण.
उजवा हात अजून तिचं ऐकत नाही.
चमच्याला कुलूप म्हणते. मला हाक मारते मावशीच्या नावानं,
आणि मी ओ देते.
कधी मधेच एखादं मराठी वाक्य येतं,
निम्म्यावर थांबतं,
चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं चप्पल न काढता परत जातं.

सकाळी अण्णा तिला चालवतात,
न्हाणीपासून शिलाई मशीनपर्यंत.
पोती मोजायचे तशीच पावलं मोजतात,
आणि मापाडी पहिल्याला एक म्हणत नाही.
लाभ, म्हणतात अण्णा.
ती थांबते. पाय उचलावा की शब्द, ठरत नाही तिचं.
मग: एरडु.
मुरू, म्हणतात अण्णा,
एकेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.
ती तोंडाच्या एका बाजूनं हसते
आणि दुरुस्त करते, मूरु.

काल सतरा झाली. आज अकराच.
मामाचा फोन आला, आज काय?
अकरा, म्हटलं.
कमी झाली का गं?
उत्तर जुळवत होते, तर आतून अण्णांचा आवाज,
नीलव्वा, एळु.

औरादच्या पोरानं सांगितलं होतं,
एळु म्हणजे सात. एळु म्हणजे ऊठ, हेसुद्धा.
आई पलंगाच्या काठावर बसलीय, पाय खाली सोडून.
फोन कानाला तसाच धरून मी बघतेय,
ती आता आठ म्हणते,
का उठते.